दाण्यातले निकेल : इंदूरच्या ताटासाठी एक प्रस्तावना

इंदूरच्या राजवाड्यामागे सराफ्याची गल्ली आहे. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. गाद्यांवर बसलेले सराफ, काट्यात तोलली जाणारी जोडवी, आरशापुढे मान वळवून वळवून पाहिले जाणारे झुमके. रात्री आठ-नऊच्या सुमारास दुकानांची शटरे खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे कढया मांडल्या जातात. भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, दहीवडे, मालपुवे, जिलबी, रबडी. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ही गल्ली जागी असते. ज्या विषयाची ओळख करून द्यायची आहे त्याला या गल्लीइतकी नेमकी जागा मला दुसरी सापडली नाही. निकेलची संवेदनशीलता बहुधा कानापासून सुरू होते आणि काही जणांच्या बाबतीत ताटापर्यंत येऊन पोचते. दिवसाचा सराफा आणि रात्रीचा सराफा, दोन्ही तिच्या वाटेवर आहेत.

हा विषय कोरडा वाटण्याची शक्यता आहे. एक धातू, एक खाज आणि ‘खाऊ नये’ अशा पदार्थांची लांबलचक यादी, एवढेच त्याचे रूप बहुतेकांच्या हाती पडते. वाचकांनी ती यादी थोडा वेळ बाजूला ठेवावी. तिच्यामागे वनस्पतीच्या पोटातली एक सुंदर रसायनशाळा आहे, शंभराहून अधिक वर्षांचे चिकाटीचे संशोधन आहे, आणि आपल्या माळवी-मराठी स्वयंपाकघराकडे नव्या नजरेने पाहण्याची संधी आहे. ज्यांच्या घरात कुणाला हा त्रास आहे त्यांना या वाचनाचा लगेच उपयोग होईल. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचावे, कारण रोजचा घास आपल्या शरीराशी किती बारीक हिशेबाने वागतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे विषय थोडे आहेत.

आधी आजाराची तोंडओळख करून घेऊ. खोटे झुमके घातल्यावर कानाच्या पाळीला खाज येते, पाणी सुटते. जीन्सचे बटण जिथे टेकते तिथे बेंबीखाली काळसर चट्टा उठतो. घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट लाल होते. ही निकेलची स्पर्शजन्य ॲलर्जी. जगभरात धातूंपासून होणाऱ्या ॲलर्जींमध्ये ती सर्वांत जास्त आढळते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. दागिना काढला की बहुतेकांचा त्रास थांबतो. थोड्यांचा मात्र थांबत नाही. तळहातावर, बोटांच्या कडांना, कधी तळपायावर खोल, घट्ट, पाणीदार पुळ्या येत राहतात. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांना साबुदाण्याच्या दाण्यांची उपमा देतात, आणि ती अगदी चपखल आहे. भिजून पारदर्शक झालेला साबुदाणा त्वचेखाली पेरून ठेवावा तशा त्या दिसतात. खाज अशी की रात्री झोप लागत नाही. काही दिवसांनी त्या सुकतात, साल निघते, त्वचेला भेगा पडतात. भांडी घासताना, कणीक मळताना त्या चरचरतात. मग पुन्हा नवे पीक येते.

निकेल हे मूलद्रव्य वेगळे काढले ते स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी, १७५१ साली. त्वचेवर पट्टी चिकटवून ॲलर्जी ओळखण्याची रीत योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये ग्राझच्या परिषदेत मांडली. आजही तीच पॅच टेस्ट वापरतात. पाठीवर बारीक बारीक कप्प्यांत निरनिराळे पदार्थ लावायचे, त्यांत निकेल सल्फेटचा एक कप्पा, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहायचे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. त्या ठिकाणी लाली आणि पुरळ उठले तर उत्तर मिळाले. १९७५ साली क्रिस्टेन्सन आणि म्योलर या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. हाताला इसब असलेल्या, निकेलची ॲलर्जी सिद्ध झालेल्या रुग्णांना त्यांनी निकेल तोंडावाटे दिले आणि हातावरचे इसब पुन्हा चाळवले. कातडीला न शिवता पोटातून गेलेला धातू हातावर उमटतो, हे त्यानंतर नाकारता येईना. डेन्मार्कमध्ये पुढे या प्रश्नावर दीर्घ काम झाले, आणि निकेल सोडणाऱ्या दागिन्यांवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा नियम १९९४ मध्ये आला, त्यामागेही डेन्मार्कचाच अनुभव होता.

निकेलवर चिडायला शरीर शिकते कसे? घामामुळे दागिन्यातले निकेल विरघळते, त्वचेत उतरते आणि तिथल्या प्रथिनांना चिकटते. त्वचेतल्या पहारेकरी पेशी हे बदललेले प्रथिन उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे टी-पेशींना त्याची ओळख पटते. एकदा पटलेली ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. टोचलेला कान हा या शिकवणीचा सर्वांत सोपा दरवाजा, कारण तिथे कातडीचा अडसरच नसतो. आपल्याकडे बारशाच्या आगेमागे सोनाराकडून सोन्याच्या तारेने कान टोचून घेत असत; शुद्ध सोन्यात निकेल नसते. नंतर मौजेखातर केलेली दुसरी-तिसरी छिद्रे आणि त्यांत घातलेले स्वस्त इमिटेशन हे वेगळे प्रकरण आहे. इथेच एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या मुलामुलींना कान टोचण्याआधी दातांना तारा बसवल्या होत्या, त्यांच्यात निकेलची ॲलर्जी कमी आढळते, असे युरोपातल्या अनेक पाहण्यांत दिसले. तारांमधले निकेल आधी तोंडातून, अगदी थोडे थोडे, पोटात जात राहिले आणि शरीराने ते आपले मानले. म्हणजे तोच धातू तोंडातून आधी आला तर पाहुणा, आणि कानातून आधी आला तर शत्रू.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. निकेलची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला खाण्याचे पथ्य लागत नाही. २००६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. रोजच्या अन्नपाण्यातून साधारण ०.२२ ते ०.३५ मिलिग्रॅम निकेल पोटात गेले तर निकेल-संवेदनशील लोकांपैकी सुमारे एक टक्का लोकांची त्वचा चाळवेल, मात्रा ०.५५ ते ०.८९ मिलिग्रॅमवर गेली तर सुमारे दहा टक्के लोकांची. बाकीच्यांनी दागिना काढला की भागते. त्यामुळे शेजारणीला गुण आला म्हणून आपणही डाळ सोडली, असे कुणी करू नये. शाकाहारी घरात डाळ सोडणे ही साधी गोष्ट नाही. त्यात प्रथिने जातात, लोह जाते. आधी त्वचाविकारतज्ज्ञ, मग पॅच टेस्ट, आणि स्पर्श टाळूनही त्रास उरला तरच ताट, हा क्रम तुम्ही सोडू नका. मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

आता मूळ प्रश्न. अन्नात निकेल येते कुठून? पहिला संशय भांड्यावर, कारखान्यावर, खतावर जातो. खरे उत्तर मला फार आवडते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

जेम्स समनर नावाचे एक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ होते. तरुणपणी शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक हात गेला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात, आपल्या अबईच्या अगदी जवळच्या नात्यातल्या एका शेंगेच्या बिया घेऊन ते वर्षानुवर्षे बसले, आणि १९२६ साली त्यांनी त्या बियांमधून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. विकर हे प्रथिन असते हे त्यातून सिद्ध झाले आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्फटिकांत निकेल दडले आहे याचा मात्र पन्नासएक वर्षे कुणाला पत्ता नव्हता. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते शोधले. जीवसृष्टीतल्या एखाद्या विकराला निकेल लागते हे प्रथमच कळले, आणि योगायोग पाहा, ते वर्ष हातावरच्या इसबाच्या त्या प्रयोगाचेच. मग १९८३ मध्ये, पुन्हा इथाकातच, निकेलचा अंशही नसलेल्या पाण्यात सोयाबीनची रोपे वाढवून पाहिली गेली. त्यांच्या पानांची टोके जळाली. रोपाच्या शरीरात तयार होणारा युरिया फोडायला युरिएज लागते, आणि युरिएजला निकेल. ते नसल्यामुळे युरिया पानाच्या टोकांशी साचत गेला आणि रोप स्वतःच्याच विषाने होरपळले.

म्हणजे दाण्यातले निकेल ही भेसळ नाही. रोपाने पिल्लासाठी बांधून दिलेल्या शिदोरीचा तो एक भाग आहे. अंकुर फुटताना साठवलेली प्रथिने मोडावी लागतात, नायट्रोजनची देवघेव करावी लागते, आणि त्या कामाची हत्यारे दाण्यात आधीच ठेवलेली असतात. हे एकदा ध्यानात आले की ती लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. पुढ्यातल्या पदार्थाकडे पाहून विचारायचे : हे बी आहे का? मातीत घातले असते तर उगवले असते का? सोयाबीन, हरभरा, तूर, मसूर, वाटाणा, शेंगदाणा, काजू, बदाम, तीळ, सूर्यफुलाच्या बिया, चॉकलेटचा कोको, सगळी बीच. गव्हातही कोंडा आणि अंकुर यांतच निकेल जास्त, म्हणून सबंध गव्हाच्या पिठात ते मैद्यापेक्षा अधिक भरते, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात कमी. उलट ज्यात अंकुराची शिदोरी नाही ते सारे हलके : दूध, दही, ताक, पनीर, तूप, अंडी, कोंबडी, बहुतेक मासे, बटाटा, साबुदाण्यासारखा निव्वळ पिष्टाचा पदार्थ, काकडी-दुधीसारख्या पाणीदार भाज्या, कोबी, फ्लॉवर, वांगे. या नियमाला अपवाद आहेत. पालक बी नाही, तरी त्यात निकेल बरेच असते. चहाची पत्ती आणि अननसही त्याच पंगतीतले. शिवाय त्याच दाण्यातले प्रमाण जमिनीप्रमाणे बदलते. तरी नवख्याला घरात वावरायला हा एक प्रश्न पुष्कळ होतो.

आणि इथे इंदूरचा उल्लेख पुन्हा करायला हवा. भारतातल्या सोयाबीनची कथा या शहराशिवाय सांगता येत नाही. माळव्याच्या काळ्या जमिनीत १९७० नंतर या पिकाने असे मूळ धरले की मध्य प्रदेशाची ओळखच सोयाबीनवर उभी राहिली; भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ साली काढले तेही इंदूरला. ज्या दाण्याने इथाकाच्या प्रयोगशाळेत निकेलची गरज उघड केली, तोच दाणा आमच्या गावाबाहेर मैलोन्‌मैल डुलतो. त्याने हजारो शेतकऱ्यांच्या घरात पैसा आणला, आणि स्वस्त प्रथिन म्हणून त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण किलोमागे साधारण पाच मिलिग्रॅम निकेल बाळगणारा हा दाणा निकेलचे पथ्य असलेल्या माणसाने ओळखून असावा. पन्नास ग्रॅम सोयाबीन म्हणजे पाव मिलिग्रॅम निकेल. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये संवेदनशील माणसांची त्वचा चाळवू शकणारी एकवेळची मात्रा म्हणून जो सर्वांत खालचा आकडा धरला, तो वजनाच्या किलोमागे ४.३ मायक्रोग्रॅम असा आहे. साठ किलोच्या माणसाला तो २५८ मायक्रोग्रॅम पडतो. एका वाटीत हिशेब जवळजवळ पुरा.

आमच्या नात्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. त्यांनी खोटे दागिने सोडून सहा-सात वर्षे झाली होती. मंगळसूत्र सोन्याचे, घड्याळाला चामड्याचा पट्टा. तरी हातांवर पुळ्यांचे पीक येतच होते. साबण बदलून झाला, भांड्यांना बाई लावून झाली. पॅच टेस्टमध्ये निकेलचा कप्पा लालभडक उठला आणि डॉक्टरांनी जेवणाची वही लिहायला सांगितली. वहीत नेहमीचेच : पोळी, भाजी, वरण-भात, ताक. सोयाबीनचे नाव कुठेच नव्हते. एके दिवशी काकूंच्या सूनबाई दळण घेऊन चक्कीवर निघाल्या आणि दहा किलो गव्हाच्या डब्यात त्यांनी सवयीने किलोभर सोयाबीन ओतले. घरातल्या मुलांना पौष्टिक म्हणून ही रीत कधीची पडलेली. इतकी जुनी की ती वहीत लिहावी असे कुणाला वाटलेच नव्हते. दिवसाला दोनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या म्हटल्या तर त्यात अठरा-वीस ग्रॅम सोयाबीन, म्हणजे शंभरएक मायक्रोग्रॅम निकेल, रोज, कुणाला न दिसता. काकूंचे दळण वेगळे झाले, बाकी पथ्यही सांभाळले, आणि दीड महिन्यात हात बरे झाले. दिवाळीत चुकून घरच्या डब्यातली कणीक वापरली गेली तेव्हा आठवड्याच्या आत बोटांच्या कडा पुन्हा खाजू लागल्या. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मी जाणतो. पण पदार्थाच्या नावापेक्षा त्यात काय पडते ते बघावे, हा धडा मला त्या डब्याने दिला.

त्याच नजरेने आता आपल्या ताटाकडे पाहा. इंदूरची सकाळ पोह्यांची. पोहे म्हणजे तांदूळच. वाफेवर ठेवलेले हे मऊ पोहे पथ्याच्या माणसाचे मित्र आहेत. अडचण वरून येते, ती मूठभर शेवेची. शेव हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची. घरच्या कांदेपोह्यांत ती जागा शेंगदाणे घेतात. शेव-दाणे वगळून वर कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि लिंबू घ्या. जिरावन मसाल्याची चिमूट खुशाल भुरभुरा. त्यात बियांचे मसाले आहेत हे खरे, पण चिमटीच्या मापाने काही बिघडत नाही. हा शास्त्राचा भाग नीट समजून घ्यावा : पथ्य मात्रेचे असते. उपासाची साबुदाणा खिचडीही अशीच. साबुदाणा निरुपद्रवी, भार आहे तो दाण्याच्या कुटाचा. कूट काढून बटाटा, जिरे, ओली मिरची आणि वर दही घातले तर चव निराळी होते, पण वाईट होत नाही. पहिल्या दोन-तीन एकादश्या जरा चुकल्यासारखे वाटेल, एवढेच.

पोळीचे काय करायचे, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पोळी बंद करावी लागत नाही. एका वेळचे जेवण तांदळावर आणले तरी पुष्कळ उतार पडतो. आणि तांदळाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर किती श्रीमंत आहे ते या निमित्ताने कळते : तांदळाची भाकरी, घावन, मऊभात, दहीभात, आणि आंबट ताकात शिजवलेली, वर कच्चे तेल सोडलेली उकड. थालीपीठ मात्र जपून. भाजणी म्हणजे धान्ये आणि डाळी यांचे संमेलनच. दाल-बाफले हे आमच्या माळव्याचे भूषण, पण त्यात सबंध गहू आणि तुरीची डाळ दोन्ही एकाच वेळी येतात, म्हणून तो सणावारीचा पाहुणा असू द्यावा. वरण घट्ट वाटीभर घेण्याऐवजी पातळ, पळीभर घ्या. कढीला डाळीचे पीठ लावतात त्याऐवजी तांदळाचे लावून पाहा. कढी फुटत नाही आणि दाटही येते. डाळीची प्रथिने कमी होतात ती दूध, दही, पनीर यांनी आणि चालत असेल त्या घरात अंडी, कोंबडी, मासे यांनी भरून काढायची. हे भरून काढणे ऐच्छिक नाही; पथ्याचा तो अर्धा भाग आहे.

सणांविषयी थोडे. संक्रांतीचा तिळगूळ दुहेरी बियांचा, तीळ आणि शेंगदाणे. एक हलवा तोंडात टाकून गोड बोलायला कुणाची हरकत नसावी; डबाभर वड्या मात्र दुसऱ्यांना वाटाव्यात. होळीची पुरणपोळी हरभऱ्याच्या डाळीची. त्या दिवशी ती एक खावी आणि बाकीचे जेवण हलके ठेवावे. पाडव्याचे श्रीखंड तर निर्धास्त. चारोळी आणि काजू तेवढे बाजूला सारा.

पोटात गेलेले सगळे निकेल अंगात मुरत नाही, हेही जाणून घेण्यासारखे आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपाशीपोटी पाण्यातून दिलेल्या निकेलपैकी सरासरी २७ टक्के शोषले गेले; तेच अन्नात मिसळून दिल्यावर एक टक्कासुद्धा नाही. म्हणून रात्रभर नळाच्या तोटीत साचलेले पहिले पाणी पिऊ नये, थोडे वाहू द्यावे आणि मग भांडे भरावे. आतड्यात निकेल आणि लोह एकाच दाराने आत येतात. अंगात लोह कमी असले की ते दार सताड उघडे राहते आणि निकेलही जास्त शिरते. निकेलचा त्रास असलेल्या स्त्रीने हिमोग्लोबिन तपासून घेणे म्हणूनच महत्त्वाचे. क जीवनसत्त्वही निकेलचे शोषण कमी करते. पोह्यांवर पिळलेले लिंबू नुसते चवीपुरते नसते, हे सांगताना मला खरेच आनंद होतो.

भांड्यांची काळजी लोकांना जेवढी वाटते तेवढी करण्याचे कारण नाही. नेहमीच्या चांगल्या स्टीलमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असते खरे, पण ते धातूत घट्ट बांधलेले असते. ताट-वाटी-चमच्याने काही होत नाही. आंबट पदार्थ, म्हणजे टोमॅटोचे सार, चिंचेची आमटी, कोकमाची कढी, नव्या कोऱ्या स्टीलमध्ये तासन्‌तास उकळू नयेत, त्यात लोणचे साठवू नये, इतके पाळावे. भांडे वापरून जुने झाले की त्यातून उतरणारे निकेलही घटत जाते. लोखंडी तवा-कढई असेल तर उत्तमच.

या क्षेत्रात अधिक खोल जाऊ इच्छिणाऱ्यांनी भारतीय लेखन आवर्जून पाहावे. त्वचाविकारतज्ज्ञ डॉ. अशिमव देब शर्मा यांनी निकेल आणि आहार या विषयावर भारतीय त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकांत लिहिले आहे. २०१३ सालचा त्यांचा कमी निकेलच्या आहारावरचा लेख नव्या वाचकाला सुगम आहे. त्याच वर्षी अमेरिकेत मिस्लंकर आणि झिरवास यांनी पदार्थांना गुण देण्याची पद्धत मांडली. प्रत्येक पदार्थाला निकेलच्या मानाने गुण, आणि दिवसाची बेरीज पंधराच्या आत ठेवायची. मला तिचे मोल वाटते ते तिच्यामागच्या उदारपणामुळे. एक पुरणपोळी खाल्ली तर दिवस वाया जात नाही, फक्त उरलेली बेरीज सांभाळायची. आपल्या पदार्थांचे असे गुणपत्रक, आपल्या मापाच्या वाट्या-पळ्यांनी, आपल्या जमिनीतल्या धान्याची तपासणी करून, कुणीतरी तयार करावे ही माझी मनापासूनची इच्छा आहे. सोयाबीनवर इतके काम झालेल्या इंदूरमधून ते झाले तर फारच उत्तम.

तोवर सुरुवात एका वहीने करा. चार ते सहा आठवडे पथ्य नेटाने पाळावे, रोज काय खाल्ले आणि हात कसे होते ते लिहावे. तेलापासून दळणापर्यंत आत काय पडते तेही लिहावे. वनस्पती तूप वापरत असाल तर त्याचीही नोंद हवी, कारण तेल घट्ट करताना निकेलचाच उत्प्रेरक वापरतात. मग एकेक पदार्थ परत आणावा, दोन पदार्थांत काही दिवसांचे अंतर ठेवावे. कुणाला डाळ सोसते आणि काजू सोसत नाही, कुणाचे नेमके उलट. ते तुमचे तुम्हालाच सापडेल. दीड-दोन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही तर पथ्य सोडून द्यावे आणि डॉक्टरांकडे दुसरे कारण शोधावे.

बाहेर खाणे बंद करू नका. काकू अजूनही महिन्यातून एकदा सराफ्यात जातात. मक्याचे कणीस किसून, तुपात परतून, दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, मका बीच असला तरी, त्यांच्या वहीत बिनधोक ठरला आहे. दोन्यातून वाफ येत असते, मागे बंद शटरावर दागिन्यांच्या दुकानाची पाटी असते, आणि काकू कीसवाल्याला सांगतात, “भैया, सेव मत डालना, नींबू ज़रा ज़्यादा.”